हरणीची चिठ्ठी

मी चारा छावणीच्या ऑफिसातली हार्ड डिस्क बोलतेय. तळहाताएवढा जीव माझा, पण नेकनूरजवळच्या आमच्या दूध संस्थेच्या अख्ख्या संचालक मंडळापेक्षा माझी आठवण पक्की आहे. ही बढाई नाही. मंडळ पाहिलंत तर तुम्हीही हेच म्हणाल.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ठाऊक नाही. जाग आली ती बीडच्या एका दुकानात. त्या साली पावसाने दडी मारली, संस्थेने छावणी काढली आणि मला आणलं. पहिल्याच दिवशी नारळ फुटला, माझ्या पेटीला हळदकुंकू लागलं. अध्यक्ष मोहनराव म्हणाले, "आता वहीचं काय काम बे?" जनावरांची वही त्याच संध्याकाळी रद्दीत गेली.

ज्याचं जनावर यादीत, त्यालाच चारा. यादी माझ्यावर. नावं मी सलग पट्ट्यांनी ठेवते आणि दर पट्ट्याची एक चिठ्ठी असते: कुठून सुरू, कुठवर. चिठ्ठी नसेल तर ती जागा रिकामी धरतात, मग तिथे काहीही लिहिलेलं असो. ही रीत केजच्या मुंजाजीने बसवली, यादीचा प्रोग्राम त्याचाच. पोरगा हुशार, पण घाईचा.

एका सोमवारी आश्रुबाने आपला बैल घरी नेला. बैलाचं नाव पट्ट्याच्या मधून काढलं. मधून काढलं की एका पट्ट्याचे दोन होतात, चिठ्ठ्याही दोन लागतात. मुंजाजीच्या प्रोग्रामने एकच लिहिली, वरच्या तुकड्याची. बैलाच्या खालची एकसष्ट जनावरं यादीतून गेली. त्यात वच्छलाबाईंची हरणी होती, वाकड्या शिंगाची, गाभण.

"सायेब, माझी गाय कावून न्हाई?" वच्छलाबाईंनी दारातून विचारलं.

"यादीत न्हाई तर न्हाई. मुंजाजीची दुरुस्ती मंजूर होईस्तोवर यादीला कुनी हात लावायचा न्हाई," मोहनराव म्हणाले.

बाकीच्या साठ जनावरांच्या मालकांनी ओळखीपाळखीने चारा मिळवला. वच्छलाबाईंची ओळख फक्त हरणीशी. तिचं नाव तेव्हाही माझ्या अंगावर जसंच्या तसं होतं. पण चिठ्ठीवाचून मला कोण विचारतो!

आठव्या दिवशी मुंजाजी दुरुस्ती घेऊन आला आणि संस्थेने तिच्यासाठी सभा भरवली. विषय क्रमांक चार: दुरुस्ती तपासून मंजूर करणे. विषय क्रमांक तीन चहाचा होता, त्यावर अर्धा तास चर्चा झाली. चारवर हात वर झाले, "मंजूर, मंजूर!" एका संचालकांनी तर डोळे न उघडताच हात वर केला. आजवर या खोलीत सगळं असंच मंजूर झालंय, वाचून काहीही झालेलं नाही.

राहिली फक्त तपासणाऱ्याची सही. त्यासाठी घाटनांदूरच्या चन्नप्पा कापडवाल्यांची लेक शिवकांता आली होती, संगणक शिकलेली. ती बसली आणि वाचायलाच लागली. मंडळाला हे नवीन होतं.

"मुंजाजी, तू जुनी चिठ्ठी आधी फाडतोस आनि मग दोन नव्या लिहितोस. लिहायला जागाच मिळाली न्हाई तर?"

"जागा कशी न्हाई मिळनार, ताई?"

तिने पाहिलं. मी गच्च भरले होते. मोहनरावांच्या सत्काराचे चौदा हजार फोटो माझ्या उरावर होते. हार तोच, गळा तोच.

"म्हंजे जुनी फाटनार आनि नवी एकबी न्हाई. आधी अर्धा पट्टा जात होता, आता सगळाच जाईल."

"पोरी, सभेनं मंजूर केलंय," मोहनराव म्हणाले. "सही कर."

"करते की, काका. आधी चालवून बघू. तुमच्या अकरा म्हशी ज्या पट्ट्यात हायत, त्यातलंच मधलं एक नाव काढते."

"थांब, थांब! माझ्या म्हशी कशाला मधी?"

सर्वानुमते मंजूर झालेली दुरुस्ती अशी अकरा म्हशींनी नामंजूर केली. फोटो गेले, मी मोकळा श्वास घेतला. मुंजाजीने मान खाली घालून क्रम बदलला: आधी नव्या चिठ्ठ्या, मग जुनी फाडायची, जागा नसेल तर जुनीला हात लावायचा नाही. शिवकांताने दुसरी डिस्क काठोकाठ भरून ते तीनदा चालवलं, मग सही केली. हरवलेला पट्टा शोधून त्याची चिठ्ठीही तिनेच लिहिली. एकसष्ट जनावरं परत यादीत आली.

वच्छलाबाईंना निरोप गेला. त्या आल्या, हातात नुसतं दावं.

"कालच्या बाजारात दिली, बाई. सा दिस नुसतं पानी पाजलं तिला. पोटातलं हलायचं थांबल्यावानी झालं, मग काय करू?"

मोहनराव बशीतून चहा पीत म्हणाले, "मग नाव काढा की. नियम हाय."

नवी दुरुस्ती खऱ्या यादीवर पहिल्यांदा चालली ती हरणीवर. वरचं नाव जागेवर राहिलं, खालचं जागेवर राहिलं, अक्षरही इकडचं तिकडे झालं नाही. "बघा, लई झ्याक चालतंय," मोहनराव म्हणाले. मला त्यांची किळस आली.

छावणी अजून चालू आहे, मीही चालू आहे. हरणीचं नाव अजून माझ्या अंगावर आहे, चिठ्ठी तेवढी नाही. उद्या त्या जागेवर दुसरं कुणीतरी लिहिलं जाईल. भुकेलं जनावर असेल तर लिहा बापांनो, माझी ना नाही. फक्त मोहनरावांचा फोटो तिथे ठेवू नका.