तीन नंबर वॉर्डातली बायको

प्रल्हाद देवपुजारीच्या कादंबऱ्यांत माणसं फार वाईट मरायची आणि वाचणारे पोट धरून हसायचे. एकाचं मुंडकं उसाच्या रसाच्या यंत्रात जायचं आणि तिथून रसवाल्याला बजावायचं, बर्फ कमी टाक. मेलेला हेडक्लार्क शोकसभेला येऊन आपल्यावरच्या भाषणातल्या चुका काढायचा. रायपूरच्या मराठी मंडळींत असा बोलणारा दुसरा नाही, असं लोक म्हणत. प्रल्हादला स्वतःला ते लोकांच्याही आधीपासून माहीत होतं.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा शहरात कचेऱ्यांना जागा पुरेना. एक जुना दवाखाना रिकामा केला, खाटा काढल्या आणि वॉर्डावॉर्डांत टेबलं लावली. प्रल्हादची नोकरी अशाच एका कचेरीत; तो तीन नंबर वॉर्डात बसायचा. त्याच्या समोर अच्युत खानझोडे, साधा, अबोल, बायको गेलेला माणूस. पंखा खिडकीपासून दूर असताना या बाबाने खिडकीजवळचंच टेबल हट्टाने मागून घेतलं होतं, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं.

काहून ते त्याने एका दुपारी फक्त प्रल्हादला सांगितलं.

"सुशीला इथंच गेली ना बे. याच खिडकीपाशी खाट होती तिची." डब्याच्या झाकणात त्याने दोन बिनतुपाच्या पोळ्या आणि थोडी भाजी वेगळी काढली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवली. "येते ती. दिसत नाही, पण येते. तू हासशील म्हणून भेव वाटून राहिलं होतं."

प्रल्हाद हसला नाही. त्याने आपल्या डब्यातली लोणच्याची फोड त्या पोळ्यांशेजारी ठेवली, आणि खरोखर मनापासून ठेवली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मग घरी जाऊन त्याने तितक्याच मनापासून दोन पानं लिहून काढली, हेही सांगायला हवं.

गणेशोत्सवात मंडळाने त्याचं भाषण ठेवलं. नेमकी त्याच आठवड्यात अच्युतच्या मुलीला, ज्ञानदाला, पाहायला अमरावतीची माणसं आली. अच्युत सकाळीच ब्राह्मणपाऱ्यात प्रल्हादच्या घरी येऊन उभा राहिला.

"पाहुणे संध्याकाळी भाषणाले येऊन राहिले. ते सुशीलाचं तू सांगशील नाही ना? पोरीलेही माहीत नाही."

"येडा आहेस का बे? तुझी शपथ."

शपथ घेताना प्रल्हाद खोटं बोलत नव्हता. पण अशा माणसाची शपथ सभागृह गप्प बसेपर्यंतच टिकते.

सभागृह गप्प बसलं. मुंडक्याची गोष्ट लोकांनी तीनदा ऐकलेली. तरुण मंडळी मराठी समजून घेत होती आणि आपसांत हिंदीत कुजबुजत होती. दुसऱ्या रांगेतल्या एका पोट्टीने उघड उघड जांभई दिली. प्रल्हादच्या नजरेतून ती सुटली नाही. चार वर्षं ही माणसं आपल्या मुठीत होती आणि आता ती घड्याळं पाहत होती.

"एक बाबू होता," त्याची जीभ म्हणाली, "गोंदियाचा. त्याची बायको मेली, पण जेवणाची सुटी काही सोडेना!"

माणसं सावरून बसली. प्रल्हादने बाबूचं नाव बदललं, गाव बदललं, दवाखान्याची धर्मशाळा केली. बाबूची मेलेली बायको रोज दुपारी यायची, साहेबाच्या फायलींवर शेरे मारायची, नवऱ्याचं टक्कल मोजायची. सभागृह खदखदू लागलं. जांभईवाली पोट्टी डोळे पुसत होती. प्रल्हादला आता आवरेना. त्याने खरं होतं तेच वर टाकलं.

"आणि डब्यात रोज तिच्या दोन पोळ्या बिनतुपाच्या! मेली, जळली, तरी बाईले तूप चालेना!"

होणाऱ्या सासूशेजारी तोंडावर हात धरून हसणारी ज्ञानदा एकदम थांबली. रोज पहाटे बाबांच्या डब्यासाठी त्या दोन बिनतुपाच्या पोळ्या ती बाजूला काढत होती. त्यांनी तिला स्वतःच्या पित्ताचं कारण सांगितलं होतं. तिने मान वळवून बापाकडे पाहिलं.

अच्युतने तिचे डोळे पाहिले आणि तो हसायला लागला. मोठ्याने, मांडीवर थापा मारत, कोणाला शंका येऊ नये म्हणून सगळ्यांच्या वर. प्रल्हादला मंचावरून हे सगळं लख्ख दिसत होतं. तरी त्याने पुढचा विनोद सोडला नाही. टाळ्या चालू होत्या.

भाषण संपल्यावर मुलाचे वडील, शामराव, मंचापाशी आले.

"अच्युतराव, तुमचे मित्र म्हणजे कमाल! आणि तुम्ही काय हासता हो! अशाच घरात सोयरीक पाहिजे. लग्नात हीच गोष्ट झाली पाहिजे बरं."

"हो, हो," अच्युत हात जोडून म्हणाला. "सांगेल ना तो."

ज्ञानदा मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजली.

चपलांच्या ढिगापाशी प्रल्हादने अच्युतला गाठलं. "नाव तर मी घेतलं नाही रे तुझं."

"नाही घेतलं." अच्युत एक चप्पल पायात घालून दुसरी शोधत होता. "सोमवारी टेबल बदलून मागतो. आता काय येईल ती तिथं? एवढी माणसं हासली तिच्यावर." चप्पल सापडली तरी तो वाकलेलाच राहिला. "बरं झालं, शेवटच्या रात्री ती काय बोलली ते तुले सांगितलं नाही."

"काय बोलली?"

माफी अजून तोंडात होती आणि प्रश्न तिच्या आधी बाहेर पडला होता. प्रल्हादच्या आवाजातली घाई त्याला स्वतःलाही ऐकू आली.

अच्युत सरळ उभा राहिला. दारावरच्या दिव्याच्या उजेडात त्याने आपल्या मित्राकडे नीट पाहिलं, दुकानात परत करायला आणलेल्या वस्तूकडे पाहावं तसं.

"पाहुणे वाट पाहून राहिले," तो म्हणाला, आणि मुलीकडे निघून गेला.