न पेरलेले न्यूट्रॉन

थोरल्या सरांना माणसं तोंडघशी पडलेली पाहायला फार आवडे. एरवी माणूस विद्वान, शब्दाला वजन असलेला. पण जित्याची खोड काही जात नाही.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे उघड्या माळावर दूरवर पसरलेल्या पाण्याच्या टाक्या आणि मधोमध एक बुटकी इमारत. आकाशातून प्रचंड ऊर्जेचा कण आला की हवेत त्याच्या चिंधड्या उडत, त्या टाक्यांत पडून क्षणभर उजेड पाडत, आणि त्यावरून मूळ कण कुठून आला ते काढायचं. सरांना हवे होते न्यूट्रॉन. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, म्हणून वाटेतला कुठलाच चुंबक त्याला वळवू शकत नाही. तो सरळ येतो आणि आपल्या ताऱ्याचा पत्ता सांगून टाकतो. एरवी मोकळा न्यूट्रॉन पाव तासात मोडून पडतो, पण वेग प्रकाशाला भिडला की त्याचा पाव तास आपल्या लेखी हजारो वर्षांचा होतो. असा एकाच दिशेने आलेला लोंढा दिसावा म्हणून सरांनी उभा जन्म घालवला होता, आणि यंदा ते निवृत्त होणार होते.

तिथे एक रीत होती. मंडळी गाफील राहू नयेत म्हणून सर नोंदींमध्ये गुपचूप खोटे कण पेरत. कधी आणि कुठे, ते फक्त त्यांनाच ठाऊक. मागमूस ठेवायचा नाही, आणि वार्षिक बैठकीपर्यंत पेरणाऱ्याने नोंदींकडे बघायचंही नाही. बैठकीत पेरलेलं उघड करायचं आणि तिथेच वगळून टाकायचं. एकदा वगळलं की गेलं. मूळ नोंदी जागेअभावी तोवर पुसलेल्या असत. रीत चांगलीच होती हो, सरांच्या हाती पडली एवढंच.

गेल्या वर्षी त्यांच्या विद्यार्थिनीला असाच एक लोंढा दिसला. तिची आई तेव्हा इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होती. ती सुट्टी मागायला आली, तर सर म्हणाले, "जा की! पण अशी संधी जन्मात एकदाच येते बघ." पोरगी थांबली. आई गेली. बैठकीत सर हसत म्हणाले, "अगं घाईबाई, ते मीच पेरलं होतं!" सगळे हसले, आणि नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

यंदा सरांनी काहीच पेरलं नाही. नसलेली गोष्ट शोधताना मंडळींची तोंडं कशी होतात, ते त्यांना जाता जाता बघायचं होतं.

बैठकीत घाईबाईने पडद्यावर आकाशाचा नकाशा लावला. एका जागी लोंढा होता. सर खुर्चीतून ताडकन उठले.

"सर, यंदा तर कमालच केलीत," टाक्यांचा अभियंता म्हणाला.

"हे मी पेरलेलं नाही."

हशा पिकला.

"अहो, खरंच सांगतोय! तिकडे दुर्बिणी रोखायला दुर्बिणवाल्यांना कळवलं का? त्याच दिवशी कळवायला हवं होतं!"

"आता नाटकही करायला लागले!" कुणीतरी म्हणालं. सरांनी मुलाची शपथ घेतली तेव्हा तर टाळ्या पडल्या. वर्षानुवर्षं थापा मारणाऱ्याच्या शपथेला कोण भीक घालणार?

"पुरे आता, सर," संचालकबाई हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत म्हणाल्या. "घाईबाई, वगळून टाक ते. आम्ही जेवायला जातो."

मंडळी उठली. खोलीत दोघंच उरली. सर तिच्या खुर्चीजवळ वाकले.

"पोरी, पाया पडतो तुझ्या. तू तरी विश्वास ठेव."

"आहे की विश्वास," ती म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही पेरता ते फार नीटनेटकं असतं, सर. हे तसं नाही."

"मग बोलली का नाहीस? तुझंही नाव झालं असतं!"

"झालं असतं."

सरांना रडू कोसळलं. लहान मुलासारखे हुंदके देत ते टेबलाला धरून उभे राहिले. तिला दया आली नाही. उलट बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली नाही.

नक्की वगळायचं का, असं संगणकाने विचारलं. सरांना पडदा नीट दिसावा म्हणून तिने खुर्ची जरा बाजूला सरकवली आणि 'हो' दाबलं.