मधुवंतीची मधली पानं

पुंडलिकच्या डोळ्यांचं, मोतीबिंदूचं, ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा मला फोन आला. मधुवंती नागपूरला बँकेत आहे. ती सांगत होती, की पट्टी निघाल्यापासून बाबा दिसेल ते वाचत सुटलेत, खताच्या पिशवीवरचंसुद्धा. मग तिने विचारलं, की मेघकेतूचं ते कॉमिक कुठे मिळेल का, ज्यातून बाबांनी माझं नाव ठेवलं ते. शनिवारी ती आर्णीला येणार होती. बाबांच्या हातात ते द्यायचं होतं आणि तिलाही एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

मी हो म्हणून बसलो. मला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटलेलं जमेल याची खात्रीही कधी नसते.

पुंडलिक मूळचा आर्णीचा, शेतकऱ्याचा मुलगा. शाळेसाठी तो दिग्रसला मामाकडे राहायचा आणि माझ्या बाकावर बसायचा. बस स्टँडजवळच्या एका दुकानात तेव्हा कॉमिक्स भाड्याने मिळत, नागपूरहून येणारी, हिंदी. पोरं पानं फाडतात म्हणून दुकानदार नवी कॉमिक्स आल्याबरोबर त्यांच्या पिना काढायचा, चार-पाच कॉमिक्स एकत्र करून सुती दोऱ्याने शिवायचा आणि वर कापडाच्या दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा लावायचा. दिग्रसच्या पोरांनी पिना असलेलं कॉमिक पाहिलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. आमच्यासाठी कॉमिक म्हणजे तो जाडजूड गठ्ठा.

मेघकेतू सर्पदरीत जायला निघतो. निघताना त्याची बहीण मधुवंती त्याला ओवाळते, मनगटावर लाल धागा बांधते आणि म्हणते, ‘‘भैया, यह धागा आपको लौटा लाएगा.’’ दरीत नाग त्याला डसतो, आणि तरी तो वाचतो. का वाचतो ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्हाला मात्र ठाऊक होतं. पुंडलिकला बहीण नव्हती, त्यामुळे त्याला ते जरा जास्तच ठाऊक होतं. मुलगी झाली तेव्हा तो मोटरसायकलवर दिग्रसला आला आणि दारातूनच त्याने मला नाव सांगितलं. त्याची बायको मैनाबाई हिला आजीचं नाव ठेवायचं होतं. तिचं काही चाललं नाही. पुढे धाग्याची ती गोष्ट मधुवंतीने घरात इतकी ऐकली, की तिच्या लग्नातल्या भाषणातही ती आली.

मला मोबाईलमधलं फारसं कळत नाही. माझी नात मिताली अकरावीत आहे आणि कॉमिक्स मोबाईलवरच वाचते. कुणीतरी जुन्या कॉमिक्सची पानं इंटरनेटवर टाकून ठेवली आहेत. तिने मेघकेतू संध्याकाळच्या चहाच्या आत शोधून काढला.

ती अंगठ्याने चित्रं वर ढकलत होती. एक चित्र गेलं की दुसरं. मी विचारलं, की अख्खं पान एकदम कसं दिसतं तुला? ती म्हणाली, कशाला पाहिजे अख्खं पान? मी लहानपणी उजव्या पानावर तळहात ठेवून डावं पान वाचत असे, पुढचं नजरेला पडू नये म्हणून. पुंडलिक त्याच्या उलट. तो आधी शेवटचं पान वाचायचा. मेला का वाचला ते कळू दे, मग मजेनं वाचतो, असं म्हणायचा. नोकरीत मी कॉमिक पेपरच्या घडीत ठेवून वाचलं, नंतर मुलाच्या नावाखाली विकत आणलं. आता वाचतो तेव्हा गोष्ट सोडून कोपरे बघत बसतो. सिंहासनामागचा पहारेकरी जांभई देतोय, असलं काही सापडलं की दिवस बरा जातो. हे वाचन वाढणं आहे की गोष्टीवरचा विश्वास उडणं, मला खरंच सांगता येणार नाही.

तर मितालीच्या मोबाईलवर मेघकेतू घरून निघाला आणि पुढच्याच चित्रात दरीत पोचला. मधुवंती नव्हतीच.

मला वाटलं, पान सुटलं असेल. मितालीने पानांचे आकडे दाखवले. एकही सुटलेलं नव्हतं. मग तिने मधुवंती हे नाव टाकून शोधलं, आणि ती सापडली. त्याच कंपनीच्या दुसऱ्याच कॉमिकमध्ये, बरोबर मधल्या चार पानांवर. तिथे ती शत्रूच्या राजाची हेर होती. एका राजकुमाराला भाऊ मानते, ओवाळते, धागा बांधते. ती हेर आहे आणि धागा विषात भिजवलेला, हे त्या चार पानांनंतर उघड होतं. तिथेच, पाचव्या पानावर, राजकुमार मरतो.

मधली पानं पिनेतून सगळ्यात आधी सुटतात. आमच्या दुकानदाराने शिवताना ती चार पानं चुकून मेघकेतूत घातली असणार. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आणि त्या कंपनीच्या सगळ्या नायकांना एकच मिशी असायची; राजकुमारही आम्हाला मेघकेतूच वाटला.

मिताली मेघकेतूचं आणि राजकुमाराचं चित्र पुढे-मागे करत होती. ‘‘आबा, याचा कमरपट्टा हिरवा आहे अन् त्याचा पिवळा. मागे घराऐवजी राजवाडा आहे. तुम्हाला कुणालाच दिसलं नाही?’’

नव्हतं दिसलं. दिग्रसच्या एवढ्या पोरांपैकी एकालाही नाही. मी तर स्वतःला बारकाईने वाचणारा समजत होतो.

दोन्ही कॉमिक्सच्या रंगीत प्रिंट काढायला आम्ही झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, की बाइंडिंग करून देऊ का, कोणतं पान कुठे लावू? मला सांगता येईना. पानं सुटीच द्या म्हणालो.

शनिवारी आर्णीच्या बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसलो. ती चार पानं मेघकेतूत घातली की झालं, कुणाला काही कळणार नव्हतं. पुंडलिकला त्याची गोष्ट मिळाली असती. पण मधुवंतीलाही पाहायचं होतं, आणि नाव तिचं होतं. मी पानं घातली, काढली, परत घातली. शेवटी शेजारच्या माणसाने विचारलं, की शेताचे कागद आहेत का आणि प्रकरण कोर्टात गेलंय का. मी ओशाळून सगळं जसं होतं तसं वेगवेगळं ठेवलं.

पुंडलिक ओसरीवर खाटेवर बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. मधुवंती आदल्या रात्रीच आली होती. तिने पिशवीतला वरचा गठ्ठा काढून त्याच्या हातात दिला. त्याने सवयीप्रमाणे सगळ्यात खालचं पान ओढलं, वाचलं, समाधानाने मान हलवली. मग उलट येत येत मध्यावर आला आणि थांबला. पानं परत चाळली.

‘‘नरहर, मधुवंती कुठी हाये?’’

मी जमिनीकडे पाहून सांगितलं. दोरा, पुठ्ठा, मधली पानं, कमरपट्ट्याचा रंग, सगळं. दुसरा गठ्ठा पुढे केला. तो वाचू लागला आणि मधुवंती त्याच्या खांद्यावरून. राजकुमार मेला त्या पानावर दोघं बराच वेळ होती. मैनाबाई चहा घेऊन आल्या आणि आमची तोंडं पाहून काय झालं म्हणून विचारू लागल्या.

‘‘तुह्या पोरीनं राजकुमाराले विष घातलं,’’ पुंडलिक म्हणाला.

‘‘मी म्हटलंच होतं, आजीचं नाव ठेवा,’’ म्हणत मैनाबाई कप ठेवून आत गेल्या.

मधुवंती हसली नाही. तिने विषारी धाग्याचं पान उजेडात धरलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे बाबा, तुमी मले लहानपणापासून सांगत होते ते पुस्तकात नव्हतंच?’’

मला वाटलं, उठावं आणि परतीची बस धरावी. माझ्याच हाताने मी या घरातली एक गोष्ट काढून नेली होती.

पुंडलिकने चष्मा काढला. ‘‘होतं. मी वाचलं ना,’’ तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला तर मला सापडला तो वर्गात गणित अडलं की यायचा तो भाव. ‘‘पण पट्टा आपल्याले दिसला काहून नाही बे?’’

मी म्हणालो, की माहीत नाही, कदाचित आपण फार जोरात, भराभर वाचत होतो. दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत द्यायचा असायचा आणि मागे पोरं थांबलेली असायची.

हे त्याला पटलं. त्याने सुई-दोरा आणि एक पुठ्ठा मागवला. मग पानं नेमकी कुठे होती यावर आमची जुंपली. मी म्हणत होतो, अंगणाच्या चित्रानंतर; तो म्हणत होता, घोड्यावर बसल्यानंतर. मधुवंती थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने चारही पानं आमच्या हातातून घेतली, दोन्ही जागी लावून पाहिली आणि अंगणानंतर ठेवली. त्या चार पानांच्या जादा प्रिंट नंतर काढून आणाल का, असं तिने मला विचारलं. दुसरं कॉमिक तिला अख्खं शिवून हवं होतं, याच पुठ्ठ्यात, पहिल्याच्या मागे. धागा बांधणारी आणि विष घालणारी, दोघीही मीच, असं म्हणून तिने सुईत दोरा ओवला. आम्हा दोघांनाही तो ओवता येत नव्हता.

तूर्त मेघकेतू आणि ती चार पानं, एवढंच शिवून झालं. पुंडलिकने जोडाच्या जागी उघडलं आणि पट्टा त्याला लगेच दिसला. तो पुन्हा मागे गेला, त्याने पुन्हा वाचलं. हिरवा, मग पिवळा.

‘‘जोरात वाचू. मंग नाही दिसनार,’’ तो म्हणाला.

मी खाटेवर त्याच्याशेजारी सरकलो. मधुवंती समोर बसून पानं उलटू लागली. आम्ही वाचत होतो, अंगण, ओवाळणं, धागा, दरी. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की पट्टा दिसला का? दिसला, मी म्हणालो.

‘‘आणखी जोरात, बाई,’’ पुंडलिक मुलीला म्हणाला, आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली.