डावीकडचं झुडूप

"डब्याची कडी माझ्या गुडघ्यात रुततेय. रुतू दे. माझा गुडघा काय, सरकारीच आहे," वन्सं माझ्या कानाशी पुटपुटल्या.

गाडीत मागे आम्ही तिघी होतो. एका खिडकीला लेक, दुसऱ्या खिडकीला मी आणि मध्ये वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मधली जागा त्यांनी स्वतःच मागून घेतली होती, कारण खिडकीत वारा लागतो. आता मध्ये वारा लागत नाही ही तक्रार होती. जेवणाचा डबा मी मांडीवर घेते म्हटलं, तर म्हणाल्या, "नको बाई. सांडलं तर पुन्हा माझंच नाव."

पुढे जावई गाडी चालवत होता आणि त्याच्या शेजारी पेंटर बसले होते.

पेंटर म्हणजे माझा नवरा. सगळेच त्यांना पेंटर म्हणतात. तोंडावर मी 'अहो' म्हणते, पण मनातल्या मनात माझ्यासाठीही ते पेंटरच. बाजाराच्या रस्त्यावर, जिना चढून गेलं की एक फोटो स्टुडिओ होता. फोटोत माणसांच्या मागे जे पडदे दिसायचे, ते तिथे तीस वर्षं यांनी रंगवले. बाग, कमान, महालाचा जिना असं बरंच काही काढलं, पण चालला तो एकच पडदा, तळ्याचा. निळंशार पाणी, पलीकडे डोंगर, डोंगरावर पिंजलेल्या कापसासारखा एकच ढग. उजवीकडे पांढरी होडी, डावीकडे पिवळ्या फुलांचं झुडूप. नवी जोडपी, नुकतं बसायला लागलेलं बाळ, पहिल्या पगाराचा शर्ट घातलेला मुलगा, सगळे त्या तळ्यासमोर उभे राहून गेले. आमच्या भागात ते तळं भिंतीवर नाही असं घर शोधून सापडायचं नाही.

आणि पेंटरांनी ते तळं जन्मात पाहिलेलं नव्हतं. मालकांनी कुठूनसं एक पोस्टकार्ड आणून दिलं होतं, त्यावरून हुबेहूब काढलेलं.

झुडूप तेवढं पोस्टकार्डावर नव्हतं. ते दोनच माणसांना ठाऊक होतं, एक त्यांना आणि एक मला. लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. पडदा रंगवून, वाळवून, घडी घालून घरी आणला होता, दुसऱ्या दिवशी टांगायचा होता. घडीची रेघ दिसायला नको म्हणून मी शहाणीने उलट्या बाजूने इस्त्री फिरवायला घेतली. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं, मी धावले, इस्त्री राहिली तिथेच. परत येऊन बघते तर डावीकडच्या पाण्यात इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. मी दाराआड जाऊन रडत बसले. पेंटर आले, डाग बघितला, मला बघितलं.  खाली बसले, हिरवा रंग कालवला आणि दोन तासांत त्या डागावर झुडूप उगवलं. वर पिवळी फुलंसुद्धा.

"मालकांना बोलू नकोस," म्हणाले. "तळ्याकाठी झुडूप असतंच."

मग ब्रश पुसता पुसता म्हणाले, "एकदा खरं तळं बघून यायला पाहिजे."

"जाऊ की," मी म्हटलं. "तळं कुठं पळून जातंय?"

हे माझं वाक्य पुढे तीस वर्षं टिकलं. पडद्याचा रंग उडाला, वाक्याचा नाही उडाला. दर वर्षी सुट्टीच्या दिवसांत पेंटर विषय काढायचे, आणि दर वर्षी माझ्याकडे कारण तयार. लेक लहान आहे, लेकीची परीक्षा आहे, छप्पर गळतंय, लेकीचं लग्न आहे, वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मी घरी शिवणकाम करते. शिवणाऱ्या बाईला ऐन सुट्टीतच काम येतं, हे कारण तर कायमचंच. सगळी कारणं खरी होती. तेच तर वाईट. खोटी असती तर एकदा तरी मलाच माझी लाज वाटली असती.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला आणि लेकीला आत बोलावलं. पेंटर बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर म्हणाले, "नस सुकत चाललीय. कडेचं सगळं गेलंय, मधलं थोडं शिल्लक आहे. गेलेलं परत येत नाही. त्यांना काही बघायचं असेल तर या दोन-तीन महिन्यांत दाखवून घ्या."

बाहेर येऊन आम्ही सांगितलं, "थेंब दिलेत. थेंब घातले की थांबेल म्हणाले."

"मग बरंय," पेंटर म्हणाले.

घरी येताच मी ठरवलं की आता तळ्याला जायचंच. पण त्याच आठवड्यात एका शाळेच्या गणवेशांचं काम आलं. निळ्या कापडाचे तागे छतापर्यंत. म्हटलं, एवढं हातावेगळं करू नि निघू. ते संपेपर्यंत पावसाने रस्ते उखडले. रस्ते झाले तर जावयाला सुट्टी नाही. असं करता करता अकरा महिने गेले.

या अकरा महिन्यांत आमच्या घरातून एक शब्द नाहीसा झाला, 'बघा'. "हे बघा ना" म्हणायच्या ऐवजी आम्ही "ऐका ना" म्हणायला लागलो. पेंटर दाराच्या चौकटीला हात लावून मगच बाहेर पडायचे. कपाचा कान बोटाने चाचपून कप उचलायचे. विचारलं तर म्हणायचे, "उजेड कमी आहे." दुपारी बारा वाजता उजेड कमी. मी म्हणायची, "हो ना, आभाळ आलंय." आभाळ नसायचंच. ते मला फसवत होते, मी त्यांना फसवत होते, आणि वन्सं, ज्यांच्या जिभेला हाड नाही, त्यासुद्धा एवढ्या एका बाबतीत मुक्या झाल्या होत्या.

"तळं आलं बरं का," जावई म्हणाला. "पाच तास दहा मिनिटं. मी पाच तास म्हटलं होतं. ती दहा मिनिटं आत्यांच्या चहाची."

"माझ्यावर घाल," वन्सं म्हणाल्या. "चहा तरी कुठं धड होता. कप नुसता बघून ठेवला."

'बघून' म्हटल्याबरोबर त्यांनी जीभ चावली.

फाटकाच्या आत सिमेंटची वाट होती आणि वाटेच्या शेवटी कठडा. मी एका हातात डबा घेतला, दुसऱ्या हाताने पेंटरांचा हात धरला. लग्नात धरला त्यानंतर चारचौघांत एवढा वेळ धरल्याचं आठवत नाही. ते भराभर चालत होते. इस्त्रीचा शर्ट, सरळ रेघेत नीट भांग. सकाळी आंघोळीनंतर तो भांग त्यांनी तीनदा पाडला होता.

कठड्याशी पोचलो आणि माझे पाय थबकले.

तळं नव्हतंच. म्हणजे होतं, पण खूप लांब, मधोमध, कुणी घरातलं धुणं धुऊन बादली ओतावी तेवढं. बाकी सगळा चिखल, वाळून तडकलेला, भाकरीच्या तव्यासारखा काळा. हंसाच्या आकाराच्या चार होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, एकीची मान मोडलेली. पलीकडचा डोंगर अर्धा खणून नेलेला. कठड्याला लागून मोठा छापील फलक उभा केला होता, आणि त्यावर होतं ते तळं. भरलेलं, निळंशार. लोक खऱ्या तळ्याकडे पाठ करून फलकासमोर उभे राहत होते, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस ओरडत होता, "या, फोटो काढून घ्या! मागे भरलेलं तळं येणार!"

आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. जावयाने खुणेने विचारलं, काय करायचं? लेकीने मान हलवली, गप्प राहा.

पेंटरांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि मोठा श्वास घेतला.

"वा," ते म्हणाले.

"छान आहे हं," वन्सं म्हणाल्या. ज्या बाईने माझ्या स्वयंपाकाला तीस वर्षांत 'ठीक'च्या वर जाऊ दिलं नाही, ती त्या चिखलाला छान म्हणाली. तेव्हाच मला रडू येणार होतं, पण मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"फोटोवाला ओरडतोय ना," पेंटर म्हणाले, "काय म्हणतोय? भरलेलं तळं मागे येणार म्हणजे? इथंही पडदाच आहे की काय?"

"छे हो बाबा," लेक घाईने म्हणाली. "धंदा आहे त्याचा, काहीही ओरडतो. तळं भरलंय ना समोर. अगदी तुमच्या पडद्यासारखं. तसंच निळं पाणी."

"किती निळं?"

"तुम्ही काढलंय तस्संच. काठाशी जरा फिकट, आत गडद."

"होडी?"

"आहे ना, उजवीकडे. पांढरी."

लेक त्या पडद्यासमोर लहानाची मोठी झालेली. शाळा सुटली की स्टुडिओत जाऊन त्याच्यासमोर बसून अभ्यास करायची. तिला तो पडदा तळहातासारखा पाठ. तिने डोळे मिटले असते तरी सगळं सांगितलं असतं, आणि खरंच, सांगताना तिने डोळे मिटलेच होते.

"डोंगरावर एकच ढग आहे बाबा, कापसासारखा. आणि डावीकडे ते झुडूप आहे ना, ते पण आहे. पिवळी फुलं आलीत त्याला."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

 पेंटरांनी तोंड डावीकडे वळवलं, जिथे ते झुडूप असायला हवं होतं. तिथे पाण्याच्या बाटल्यांचा ढीग होता आणि एक कुत्रं झोपलं होतं.  मग ते हळूच हसले.

"बरंच मोठं झालं असेल," म्हणाले. "तीस वर्षं झाली."

"हो ना, केवढं तरी झालंय," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. आपण काय बोललो हे तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं कळलं.

"आत्या, चला, आपण चहा बघू," जावई म्हणाला.

"मी कुठं जात नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांनी भावाच्या शर्टाचं मागचं टोक धरलं होतं, लहान पोराचं धरतात तसं.

मी डबा खाली ठेवला.

"अहो," मी म्हटलं, "तिथे झुडूप नाहीये."

"माहितेय."

"पाणीपण नाहीये. चिखल आहे सगळा."

"वास येतोय की. पाण्याचा वास असा नसतो." त्यांनी कठडा थोपटला. "पोरीवर रागावू नकोस. चांगलं सांगत होती. मला वाटलं, सांगू दे अजून थोडं."

लेक रडायला लागली. जावयाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः बुटाकडे बघत उभा राहिला. फोटोवाला आमच्याकडे यायला निघाला होता, तो अर्ध्या वाटेतून माघारी वळला.

"दिसत किती होतं तुम्हाला?" मी विचारलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"आता काहीच नाही."

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने. एक दिवस सकाळी मधलंही गेलं."

"आणि बोलला नाहीत?"

"तू जायची तयारी करत होतीस. सांगितलं असतं तर रद्द केली असतीस." मग म्हणाले, "तुला मला तळं दाखवायचं होतं ना. येऊन गेलो म्हणजे झालं."

"शेवटचं काय दिसलं?" हे वन्संनी विचारलं. मला धीर झाला नसता.

पेंटर थोडे थांबले. रंग कालवताना थांबायचे तसे.

"हिची पाठ," ते म्हणाले. "मशीनवर वाकलेली. भोवती सगळीकडे निळं कापड. छान दिसत होतं. मी दारात उभा राहून बघत होतो बराच वेळ. हाक मारावीशी वाटली, पण गणवेश द्यायचे होते ना दुसऱ्या दिवशी."

वन्सं तोंडाला पदर लावून मागे वळल्या. गुडघा, वारा, चहा, कुठलीच तक्रार त्यांना सुचली नाही.

मी समोर बघितलं. तळं पळून गेलं होतं, चांगलं लांब. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. कठड्याचं सिमेंट तापलेलं होतं.

"डॉक्टरांनी मला दोन-तीन महिनेच सांगितले होते," मी म्हटलं. "तेव्हा तुम्हाला दिसत होतं. उशीर मी केला."