साऱ्या घराचा कमरपट्टा

मी एक कमरपट्टा. लग्नात नवरीच्या कमरेला झळकतो तो चांदीचा नव्हे. मी राखाडी, लवचिक कापडाचा. पाठीकडून पातळ पट्ट्या शिवलेल्या आणि टोकाला चर्रकन उघडणारी चिकटपट्टी. कुठल्याशा कारखान्यात शिवला गेलो, खोक्यात बसून बालाघाटला आलो आणि बसस्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात बरेच दिवस काचेमागे पडून होतो.

मला घेतलं महागूनं. रामपायलीजवळच्या खेड्यातला हा शेतकरी. धानाचं भरलेलं पोतं कमरेत वाकून, पाठीच्या जोरावर उचलायची त्याची सवय. एकदा उचलता उचलता चमक निघाली आणि तो तिथंच ओणवा राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे वाकवा, पोतं अंगाशी धरा, आणि पट्टा थोडे दिवसच लावा. नाहीतर स्नायू आळशी होतात. महागूनं पट्टा घरी आणला, सल्ला दवाखान्यातच राहिला.

पुढे त्याची कंबर आपसूक सुधारली आणि श्रेय मला मिळालं. तेव्हापासून मी दाराआडच्या खुंटीवर, साऱ्या घराचा. मुलगा कुशल खैरलांजीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून मोटारसायकल हाकून आला की मला बांधी. शेजारच्या विमलाबाईंची बाज झोळीसारखी खोल गेलेली; त्या सकाळी आखडून उठत आणि मला मागून नेत. बाज कसून घ्यावी, हे कुणाला सुचलं नाही. माणसांचं मला नवल वाटतं. कारणं वेगवेगळी, आणि पट्टा एकच.

मग महागूच्या बायकोची, शेवंताबाईची पाठ दुखू लागली. दिवस रोवणीचे होते. चिखलात दिवसभर वाकून धानाची रोपं लावायची, त्यात साऱ्याच बायकांच्या पाठी धरतात. पण रोवणी सरली, बाकीच्या बायका सरळ झाल्या, शेवंताबाईची पाठ दुखतच राहिली. आडवं पडूनही तिला चैन पडेना.

मी तिच्या अंगाला लागून असे. दिवस कलला की तिचं अंग तापे, घामानं मी ओला होई. माझं टोक आधी पोटाच्या मध्यावर थांबायचं. ते हळूहळू कुशीकडे सरकू लागलं. मला कळत होतं. सांगायला तोंड नव्हतं.

एका सकाळी सून पौर्णिमा मला शेवंताबाईच्या कमरेला बांधत होती. चिकटपट्टी लावता लावता तिचा हात थांबला.

"आई, पट्टा किती सैल येऊन राह्यला! तुमी वाळून गेल्या."

"रोवणीत धड जेवली नाई, म्हनून."

"रोवणी कवाची झाली. अन् संध्याकाळी अंग काहून तापते?"

शेवंताबाई हळूच म्हणाली, "पायातली चप्पल निंगून जाते, बाई. मले समजतच नाई."

दारातून कुशल म्हणाला, "माय, तुले नवा पट्टा आनून देतो. हा ढिल्ला झाला."

"पट्टा ढिल्ला नाई झाला," पौर्णिमा म्हणाली. "आजच बालाघाटले चाला."

महागू ओसरीवर बसला होता. "कंबर हाये, दुखतेच. माही नाई झाली का ठीक?"

"बाबा, तुमची पोत्यानं दुखली होती. आईनं कोन्तं पोतं उचललं?"

महागू उठला आणि ऑटो बोलवायला गेला.

बालाघाटच्या दवाखान्यात एक्स-रे झाला, मोठ्या मशीनमधली तपासणी झाली, सुईनं नमुना घेतला. डॉक्टर म्हणाले, "रीढ़ में टीबी है. दवा लंबी चलेगी, पर ठीक हो जाएँगी. अच्छा हुआ, पैर जाने से पहले आ गए."

"पर मले त खोकलाच नाई!" शेवंताबाई म्हणाली. टीबी पाठीच्या कण्यालाही होतो, हे त्या घराला त्या दिवशी समजलं. मला काढून तिला कडक पट्टा घातला गेला. मी पिशवीतून घरी आलो.

गोळ्यांनी तिला मळमळे. जरा बरं वाटताच ती म्हणाली, "आता बस झाल्या." पण महागू पाण्याचा गिलास घेऊन समोर बसे, आणि गोळी गिळेपर्यंत उठत नसे. पुढच्या रोवणीला ती काठी न घेता शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहिली. वाकायची मनाई होती. तिथूनच बायकांशी बोलत राहिली.

आता माझ्या कापडाचा ताण गेलाय. चिकटपट्टीत सुतं अडकलीत. परवा कुशल पाठ चोळत आला, त्यानं खुंटीकडे हात नेला. शेवंताबाईनं त्याच्या आधी मला काढलं आणि मांडीखाली दाबून ठेवलं.

"आधी सांग. कवापासून दुखते?"

"कालपासून."

"पडल्यावर थांबते? पायाले मुंग्या? ताप?"

"थांबते वो माय. बाकी काही नाई. गाडीनंच दुखते."

"मंग गाडीवरून मधी मधी उतरत जाय. अन् नाई थांबलं, त दवाखाना."

"हौ," तो म्हणाला.

मी मांडीखाली थांबून होतो. असंच थांबवत जा मला, आधी पाठीला बोलू द्या.