ऑपरेशननंतरची पहिली फेरी

गळाने मासे धरायची हौस असलेल्या पाहुण्यांना तो अठ्ठावीस वर्षं पाण्यावर नेत होता. सकाळी नदीच्या गोड्या पाण्यात, भरती लागली की खाडीच्या उथळ खाऱ्या पाण्यात. पाहुणा गळाची काठी घेऊन होडीच्या पुढच्या टोकाशी उभा राहायचा. हा मागच्या फळीवर चढून लांब बांबूने होडी ढकलायचा आणि मासा शोधून द्यायचा. गळाला बांधलेली पिसांची माशी फेकणं पाहुण्याचं काम, मासा दिसणं याचं. त्याचं पोट डोळ्यांवर होतं म्हणा ना.

त्याच डोळ्यांत मोतीबिंदू झाला. दोन्ही ऑपरेशनं नीट पार पडली, दोन महिन्यांनी पाण्यावर जायची परवानगीही मिळाली, तरी आता मासा दिसेल का, ही धास्ती काही जाईना. बायकोकडे त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फोनवरचं बुकिंग ती सांभाळायची. पहिल्या दिवसासाठी तिने दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना वेळ दिली होती. बाई पासष्टीच्या, नुकताच दवाखाना बंद करून मोकळ्या झालेल्या.

नदीवर निभावलं. तिथे मासे कुठल्या ओंडक्याखाली बसतात ते त्याला पाठच होतं. बाईंनी दोन धरले आणि सोडून दिले.

खाडीत मात्र पाठांतर चालेना. तिथे मासा फिरता, तो दिसावाच लागतो.

"अकरा वाजता, चाळीस फूट," तो म्हणाला. होडीचं टोक म्हणजे बारा, त्यावरून दिशा सांगायची त्याची पद्धत होती. बाईंनी माशी अचूक टाकली. ते शेवाळ निघालं. दुसऱ्यांदा दगड. तिसऱ्यांदा त्याने दाखवलेली सावली ढगाची होती. बाई दर वेळी दोर आवरून पुन्हा फेकायला तयार होत होत्या, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

त्याने बांबू वाळूत रोवला आणि फळीवरून खाली उतरला.

"डॉक्टर, तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही. माझ्या डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. आज पहिलाच दिवस आहे आणि मला मासे दिसत नाहीयेत. परत जाऊ या."

"ऑपरेशनचं माहीत आहे मला."

"कसं काय?"

"तुमच्या मिसेसनी फोनवरच सांगितलं. म्हणाल्या, चालत असेल तर या."

त्याची कानशिलं तापली. पण राग फार वेळ टिकला नाही. इतके दिवस जे झाकून ठेवताना त्याची दमछाक होत होती, ते आधीच उघडं होतं, आणि तरीही बाई आल्या होत्या.

"धुरकट दिसतं का?" बाईंनी पेशंटला विचारावं तसं विचारलं.

"उलट. फार दिसतं. गवताची पात अन् पात, वाळूवरची रेघ अन् रेघ. आधी सगळं पिवळट असायचं, त्यात काळं काही हललं की मासा. आता सगळंच हलतंय."

"मग बसू या थोडं. माझा चष्मा बदलला तेव्हा मी आठवडाभर जिने चाचपडत उतरत होते."

बाईंनी सँडविचचा डबा उघडला. दोघं खात बसली. समोर भरतीचं पाणी आत येत होतं आणि तळाचं गवत त्याच्या ओढीने एका बाजूला वाकत होतं. तो नुसता बघत राहिला. अर्ध्या तासाने त्या गवतात काहीतरी उलट्या बाजूला वाकलं. मग पाण्याबाहेर एक टोक आलं. मासा तोंड खाली खुपसून खात होता, आणि शेपटी वर.

"उठा," तो हळूच म्हणाला. "दहा वाजता. पन्नास फूट. थांबा. आता."

माशी पडली, दोर ताणला गेला आणि मासा सुसाट पळाला. दहा मिनिटांनी बाईंनी तो होडीपाशी आणला. त्याने ओल्या हाताने मासा पाण्यातच धरला. शेपटीच्या कडेला निळी झाक असते हे तो कधीच विसरून गेला होता. क्षणभर ती बघून त्याने हात सैल केला.

परतेपर्यंत त्याने आणखी चार दाखवले. त्यातला एक पुन्हा शेवाळ निघाला, तेव्हा दोघंही हसली.

धक्क्यावर होडी बांधून त्याने घरी फोन लावला.

"अगं, आणखी कोणाकोणाला सांगितलंस?"

"या सीझनच्या सगळ्यांनाच," बायको म्हणाली. "उगाच कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. एकानेही बुकिंग रद्द केलं नाही हो."

तो धक्क्याच्या पायरीवर बसला. बाई पुढच्या महिन्यातली तारीख विचारत होत्या. त्याने फोन त्यांच्याच हातात दिला आणि बूट काढून पाय पाण्यात सोडले.