करकरणारा हात

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, आणि माझा जन्म तुरुंगातच झाला. नाशिककडच्या एका तुरुंगात सावळीराम नावाच्या कैद्याने मला घडवलं. रंधा मारून झाला की लेकीच्या केसांवरून फिरवावा तसा तो माझ्यावरून हात फिरवायचा. फक्त उजव्या हाताचा सांधा जरा सैल राहिला. कुणी घट्ट आवळलं की मी करकरते. "लाकूड ओलं होतं गं बाई," तो मलाच म्हणाला होता.

भेटीच्या खोलीत हात असलेली खुर्ची मी एकटीच, त्यामुळे माझा मान मोठा. मानसशास्त्राच्या रोहिणीताई कैद्यांशी बोलायला येत, तेव्हा स्वतः स्टुलावर बसत आणि कैद्याला माझ्यात बसवत. शिपाई सोमनाथदादांना ते कधी पटलं नाही. रागाच्या भरात खून केलेली माणसं बोलायला लागली की त्यांची बोटं थरथरत. घामाने माझं पॉलिश उडून गेलं.

रविराजची बोटं मात्र कधी थरथरली नाहीत. तो प्रवासी जीप चालवायचा. एकटीदुकटी बाई शेवटची सवारी म्हणून घ्यायचा. तिघींना मारल्याचं त्याने कबूल केलं, तेही इंजिनाची दुरुस्ती सांगावी तसं. चौथी निकिता. सायखेड्याची, विंचूरला कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणारी. तिचा देहच सापडला नव्हता. तिची आई कुसाबाई भेटेल त्याला विचारत, माझी पोर कुठं ठेवलीय म्हणून.

ताईंनी विचारलं की रविराज हसायचा. एकदा त्याने सिन्नरकडची जागा सांगितली. पोलिसांनी खणखण खणलं, काही निघालं नाही. तो मात्र दिवसभर खुशीत होता.

"सगळंच सांगून टाकलं तर मॅडम, उद्या तुम्ही कशाला याल?"

तेव्हा ताईंना उमगलं. मारणं थांबलं तरी याचं सुख थांबलेलं नाही. दुसऱ्याचा जीव आपल्या मुठीत असावा, एवढंच त्याला हवं होतं. आता त्या मुठीत कुसाबाई होत्या.

मग ताईंनी निकिताचं नाव घेणंच सोडलं. त्याच्या गाडी चालवण्याचं कौतुक केलं, विंचूरपासूनचा रस्ता थांब्याथांब्याने विचारला. तो फुलला, एकेक वळण सांगत सुटला. मध्येच बंद पडलेली वीटभट्टी आली.

"तिथं काय नाय. तिथं गाडी थांबत नाय," तो म्हणाला. चेहरा मख्ख होता, पण मुठीने माझा हात आवळला आणि मी करकरले.

ताईंचं पेन थांबलं. पुढच्या भेटीत त्यांनी बोलता बोलता पुन्हा भट्टी काढली. मी पुन्हा करकरले.

पोलिसांनी भट्टीपाशी खणलं. निकिता तिथेच होती.

काही दिवसांनी कुसाबाई ताईंना भेटायला आल्या. सोमनाथदादांनी मोठ्या मानाने मलाच पुढे ओढलं. "बसा मावशी, ही चांगली आहे." ताई झटकन उठल्या, पण त्यांच्या तोंडून शब्द निघेपर्यंत कुसाबाई बसल्या होत्या. त्यांची बोटं नेमकी रविराजच्या बोटांच्या जागी टेकली आणि घट्ट आवळली. मी करकरले.

"दुखतंय व्हय बाई तुला?" असं म्हणून त्यांनी माझा सांधा कुरवाळला. मग खाली बघत विचारलं, "ताई, तिनं मला हाक मारली आसंल का हो?"

ताई त्यांच्या पायाशी फरशीवर बसल्या.

सोमनाथदादा आता सांध्यात खिळा ठोकणार म्हणतात. खुशाल ठोकू देत. माझ्यात कोणी बसावं हे मला ठरवता येत नाही, मित्रांनो, तुम्हाला येतं. दुःखाने वाकलेलं माणूस दारात आलं, तर मानाची खुर्ची पुढे ओढण्याआधी तिच्यात काल कोण बसलं होतं तेवढं आठवा. नाहीच आठवलं, तर खाली सतरंजी टाका आणि तुम्हीही त्याच्या शेजारी बसा.